मेराच्या तिसऱ्या दिवशी

नोकरीची शेवटची चार-पाच वर्षं मी 'निरंक' हा एकच शब्द लिहिण्यात घालवली. सरकारी कागदात शून्याला शून्य म्हणायची पद्धत नाही. काही घडलं नाही, कोणी सापडलं नाही, कोणाची तक्रार नाही, हे सगळं एका शब्दात सांगायचं तर निरंक. दर तिमाहीला वरून एक तक्ता यायचा. त्यात अगदी शेवटचा रकाना असायचा, 'वयचोरीची आढळलेली प्रकरणे', म्हणजे लहान गटात खेळता यावं म्हणून वय कमी लावलेली पोरं. मी त्यात माझ्या वळणदार अक्षरात निरंक लिहायचो आणि खाली साहेबांची सही घ्यायचो. साहेब न वाचता सही करायचे, मीही न वाचता लिहायचो. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

मी जिल्ह्याच्या गावी खेळाच्या सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होतो. लोकांना वाटायचं, खेळखात्यात आहे म्हणजे स्वतः काहीतरी खेळत असेल. मी आयुष्यात धावलो असेन तर नेरची शेवटची एसटी पकडायला. आमच्या घरात तीन पिढ्या लेखणीवर जगल्या. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, मी कचेरीत. फरक एवढाच की त्यांच्या टेबलावर जमिनीचे कागद होते आणि माझ्या टेबलावर पोरांचे. कबड्डी, खो-खो, धावणं, उड्या, सगळं माझ्यापर्यंत यायचं ते नाव, वडिलांचं नाव, शाळा आणि जन्मतारीख या चार रकान्यांतून.

हा वयचोरीचा तक्ता मुळात येतो कुठून, हे मला बराच काळ माहीत नव्हतं. पुण्याहून येतो एवढं ठाऊक होतं. पुण्याला मुंबईहून येतो आणि मुंबईला दिल्लीहून, हे ओघाने कळलं. पण दिल्लीलाही तो कोणीतरी पाठवतं, हे मला कळलं ते अमरावतीच्या शिबिरात. दोन दिवसांचं शिबिर होतं. एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये आम्ही पाच जिल्ह्यांचे बाबू लोक गळ्यात ओळखपत्र अडकवून बसलो होतो. समोर दिल्लीहून आलेल्या एक मॅडम होत्या. जगातल्या पुष्कळशा देशांच्या सरकारांनी मिळून चालवलेली जी संस्था आहे, तिच्या त्या सल्लागार होत्या. बाई भल्या होत्या. हिंदी साधं बोलायच्या आणि चहाच्या वेळी आमच्याच रांगेत उभ्या राहायच्या.

मी तेव्हा मागच्या बाकावरून मनातल्या मनात कुरकुरत होतो. खेळ म्हणजे खेळ, त्यात सरकारं कशाला, आणि सरकारांच्या वरचं हे आणखी एक सरकार तर कशालाच नको. मॅडमना तो प्रश्न बहुतेक सगळीकडेच ऐकावा लागत असावा, कारण कोणी विचारायच्या आधीच त्यांनी उत्तर दिलं. म्हणाल्या, खेळाच्या संघटना खेळाडूला मैदानाबाहेर काढू शकतात, पण तेवढंच. त्याचा जन्मदाखला खरा की खोटा हे त्यांना बघता येत नाही. औषधांच्या दुकानावर धाड घालता येत नाही, सीमेवर कोणाला थांबवता येत नाही. जन्माचं रजिस्टर सरकारकडे, दवाखाना सरकारकडे, पोलीस सरकारकडे. म्हणून सुरुवातीला उत्तेजक औषधांसाठी सरकारांना एकत्र यावं लागलं, करार करावा लागला. मग दिसलं की गरीब देशांतली पोरं खोट्या वयावर परदेशी विकली जातात आणि नाही चालली तर कुठल्यातरी परक्या शहरात रस्त्यावर सोडून दिली जातात. त्यासाठी आणखी कलमं आली. करारावर सही केली की दर दोन वर्षांनी प्रत्येक देशाला हिशेब द्यावा लागतो, आम्ही काय केलं म्हणून. तो हिशेब म्हणजेच तुमच्या टेबलावरचा तक्ता.

रस्त्यावर सोडलेल्या पोरांचं त्यांनी सांगितलं तेव्हा मलाही गलबलून आलं, ते कबूल करायला हरकत नाही. त्या क्षणी मला माझ्या निरंकची लाज वाटली.

चहाच्या वेळी मी धीर करून त्यांच्यापाशी गेलो आणि एक जूनची गोष्ट सांगितली. आमच्याकडे हे कोणाला सांगावं लागत नाही. पोर शाळेत आणलं, आईबापांना तारीख सांगता आली नाही, की गुरुजी एक जून लिहितात. वर्ष असं टाकतात की पोर त्या दिवशी बरोबर सहा वर्षांचं भरावं. निम्म्या जिल्ह्याचा वाढदिवस एकाच दिवशी असतो. ढाणकीकडच्या एका शाळेने एकदा मुलींचा खो-खोचा संघ पाठवला होता, बाराच्या बारा मुली एक जूनच्या. राजूरच्या खाणकामगारांची पोरं तेवढी वेगळी, ती दवाखान्यात जन्मतात, त्यांच्याकडे वेळेसकट कागद असतो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वही काढून सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, हे अहवालात यायला हवं. मी परतीच्या गाडीत दोन तास खूश होतो. आपलं बोलणं साता समुद्रापलीकडे जाणार, म्हणजे काय थोडी गोष्ट आहे.

माझा स्वतःचा जन्म पहाटे पाच वाजून बावीस मिनिटांचा. पत्रिका आहे, राशी आहे, नक्षत्र आहे, त्या वेळी पाऊस होता की नाही तेही आईने सांगितलेलं आहे. एक जूनच्या माणसांकडे मी आयुष्यभर जरा वरूनच बघत आलो. ते आता लपवून उपयोग नाही, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

ती मुलगी आमच्याकडे पहिल्यांदा आली ती तिच्या वडिलांबरोबर. नेरच्या पलीकडे आत बंजाऱ्यांचा एक तांडा आहे, तिथली. वडील कोरडवाहू शेती करायचे. मुलगी नेरला अकरावीत होती, मध्ये शाळेचं एक वर्ष वाया गेलेलं, आणि तीन हजार मीटर धावायची. तिला मी आमच्या मैदानावर पळताना पाहिलं होतं. आमचं मैदान लहान, तीन हजाराला पंधरा फेऱ्या होतात आणि फेऱ्या मोजणारे मास्तरच गोंधळतात. ही पळता पळता ओठांत त्यांच्या गोरबोलीत फेऱ्या मोजायची आणि शेवटी मास्तरांना सांगायची, सर, अजून एक राह्यली. म्हणजे बाकीच्या थांबल्या की ही एकटी आणखी एक फेरी मारून यायची. कोणी बघत नसलं तरी मारायची. इतक्या वर्षांत इतकी पोरं पाहिली, पण नियमासाठी एक जास्तीची फेरी मारणारी तेवढी एकच.

तिला सतरा वर्षांखालच्या गटात राज्यस्पर्धेला जायचं होतं. तिथून निवड झाली तर क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. राहणं, जेवण, शिकवणारा, बूट, सगळं. नाही मिळाली तर बारावी झाली की तिचं पळणं संपणार होतं. हे तिला माहीत होतं, तिच्या वडिलांना माहीत होतं. ते दोघं माझ्या टेबलापुढे उभे राहिले तेव्हा मलाही कळलं.

मी शाळेचा दाखला पाहिला. तारीख अर्थातच एक जून. वर्ष पाहिलं, बोटांवर मोजलं. मुलगी सात महिन्यांनी मोठी भरत होती.

"हे वय जमत नाही भाऊ," मी वडिलांना म्हणालो.

"साहेब, ते वय तिचं नाईच," ते म्हणाले. "मोठ्या बहिनीच्या मांगं मांगं शाळेत जाऊन बसे. आम्ही दोघं वावरात. गुरुजी म्हणे, पटावर पोरं कमी हायेत, हिचंही नाव टाकून देतो. साडेचार वर्साची होती ते. गुरुजीनं सहाची केली."

"मग खरी जन्मतारीख कोणती?"

त्यांनी मुलीकडे पाहिलं, जणू ती सांगणार होती. मग म्हणाले, "तारीख नाई मालूम. पन दिवस मालूम हाये. मेराच्या तिसऱ्या दिवशी झाली. तांड्यातली टाकी फुटलती, त्या सालची दिवाळी."

दिवाळीच्या अमावस्येला संध्याकाळी तांड्यातल्या लग्न न झालेल्या मुली हातात दिवा घेऊन घरोघरी जातात, गातात, त्याला मेरा म्हणतात. त्याच्या तिसऱ्या दिवशी म्हणजे आमच्याकडची भाऊबीज. आणि पाण्याची टाकी कोणत्या साली फुटली हे तर ग्रामपंचायतीच्या ठरावातच असणार. माझ्या अंगात एकदम उत्साह संचारला. मी त्यांना म्हणालो, दोन दिवसांनी या, आणि ग्रामसेवकाला फोन लावून टाकीचं साल विचारून घेतलं.

घरी माळ्यावर माझ्या वडिलांनी जपून ठेवलेली जुनी पंचांगं होती. रविवारी सकाळी मी ती काढली, धूळ झटकली, आणि त्या वर्षीची कार्तिक शुद्ध द्वितीया शोधून काढली. इंग्रजी तारीख मिळाली, वारही मिळाला. मुलगी शाळेच्या कागदापेक्षा जवळजवळ दीड वर्षाने लहान निघाली, म्हणजे सतरा वर्षांखाली निर्धास्त बसत होती. खरं सांगायचं तर मला त्या मुलीपेक्षा त्या पंचांगाचाच आनंद जास्त झाला होता. बायकोला तीनदा सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला काय, तुमच्या हाताने एक जन्म लागला म्हणा की.

मी वडिलांना सल्ला दिला की उशिरा केलेली जन्मनोंद कायद्यात बसते, तहसीलमधून आदेश घ्या आणि ग्रामपंचायतीत खरी तारीख चढवा. माणसाने ऐकलं. तहसीलला चार चकरा मारल्या. अंगणवाडीचं जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लं होतं, तर तांड्याच्या प्रमुखांना, नाईकांना, घेऊन गेले. म्हाताऱ्या नाईकांनी तहसीलदारांसमोर शपथेवर सांगितलं की मेराच्या तिसऱ्या दिवशी या घरात मुलगी झाली आणि मी स्वतः गूळ खाल्ला. दाखला निघाला. वडील तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन आले, वर पेढेही होते. मी अर्ज भरला, कागद स्कॅन करून पोर्टलवर चढवले. नवा जन्मदाखला आणि त्याच्या शेजारी कॉलेजचा दाखला, ज्यावर एक जूनच होता.

दहावी झाल्यावर शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख बदलत नाही. हा नियम मला पाठ होता. मी स्वतः पन्नास अर्ज त्या नियमावर बोट ठेवून परत पाठवले असतील. त्या दिवशी पंचांगाच्या नादात तो मला आठवला नाही. दुसरा दोष पोर्टलचा म्हणता येईल, पण पोर्टलला तरी काय बोलणार. त्या वर्षीपासून वरून नव्या सूचना आल्या होत्या. दोन कागदांवर दोन तारखा दिसल्या, आणि त्यातला एक कागद स्पर्धेच्या तोंडावर काढलेला असला, की तो संशयित धरावा. साता समुद्रापलीकडे शहाण्या माणसांनी बसून हे कलम लिहिलं होतं आणि त्यात चूक काहीच नव्हती. खोटं वय लावणारी माणसं अगदी असंच करतात. नेमकं मी करायला सांगितलं तसंच.

मुलीच्या नावापुढे लाल खूण आली.

साहेबांनी मला आत बोलावलं. साहेब वाईट नव्हते, कंटाळलेले होते. त्यांच्यासमोर पुण्याहून आलेलं पत्र होतं. आपल्या जिल्ह्याकडून सातत्याने निरंक अहवाल प्राप्त होत आहे, सबब प्रत्यक्ष तपासणी करून वस्तुस्थिती कळवावी.

"मागच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये मला सगळ्यांदेखत विचारलं," साहेब म्हणाले. "तुमच्या जिल्ह्यात काय साधुसंतच जन्माला येतात का म्हणून. आता हे एक प्रकरण आपोआप सापडलं आहे, तर निदान तेवढं तरी नीट कळवा."

"साहेब, मुलगी खोटी नाही," मी म्हणालो.

"मी कुठे म्हणतो खोटी आहे? कागद जुळत नाहीत एवढंच म्हणतो."

मुलीच्या मनगटाचा एक्स-रे काढला गेला. हाडावरून वय कळतं म्हणतात. अहवाल आला, पंधरा ते सतरा वर्षांच्या दरम्यान. म्हणजे खरी तारीखही त्यात बसत होती आणि मागेपुढे करून गुरुजींचीही. हाडाने अंग काढून घेतलं.

मग उरले दोन रस्ते. पहिला, वडिलांनी आम्ही म्हणतो तीच तारीख खरी असं धरून बसायचं. त्यात वयचोरी सिद्ध झाल्याचं मानून दोन वर्षं सगळ्या स्पर्धांना बंदी. दुसरा रस्ता त्या शिबिरातल्या पुस्तिकेतच होता आणि मॅडमनी तो फार मायेने समजावला होता. जे कुटुंब स्वतःहून कबुली देईल त्याला माफी. पोराला शिक्षा नाही, ते आपल्या कागदावरच्या वयाच्या गटात खेळत राहील. म्हणजे वडिलांनी लिहून द्यायचं की ग्रामपंचायतीतली तारीख मी खोटी लावली. मग मुलगी एक जूनची राहील आणि एकोणीस वर्षांखाली, मोठ्या मुलींमध्ये धावेल. खरं बोलले तर बंदी आणि न केलेली लबाडी कबूल केली तर माफी, असा तो हिशेब होता. मी तो कागद तीन-चारदा वाचला. कुठे पळवाट दिसेना.

पळवाट नव्हती, पण तिसरा रस्ता होता. तो पुस्तिकेत नव्हता, माझ्या हातात होता. मी फाइलवर टिपणी लिहू शकत होतो की या पालकांना उशिराची नोंद करण्याचा सल्ला मीच दिला, तारीखही मीच पंचांगावरून काढून दिली, दहावीनंतरचा नियम माझ्या लक्षातून गेला. असं झालं तर प्रकरण वयचोरीचं राहत नाही, कचेरीच्या चुकीचं होतं. मुलीची लाल खूण निघण्याची शक्यता होती. माझी चौकशी मात्र नक्की लागली असती. निवृत्तीला सात महिने राहिले होते. चौकशी लागलेल्या माणसाची निवृत्ती कशी होते हे मी दुसऱ्यांच्या फाइलींमध्ये पाहिलेलं होतं.

मी ती टिपणी लिहिली. हे मी शपथेवर सांगू शकतो. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर बसून लिहिली, तारीख घातली, सहीसुद्धा केली. मग घडी करून पिशवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी कबुलीचा फॉर्मही त्याच पिशवीत ठेवला आणि नेरची बस धरली. मनात असं होतं की तांड्यावर जाऊन बघू, जसं जमेल तसं करू. माणूस स्वतःला असं फसवत असताना त्याला चांगलं कळत असतं.

तांड्यावर पोचलो तेव्हा दुपार होती. कापूस वेचायचे दिवस होते, वडील शेतातून मुद्दाम लवकर आले होते. ओसरीत खाट टाकून तिच्यावर नवी चादर घातली होती. आई दाराशी उभी राहिली. ती माझ्याशी बोलली नाही, नवऱ्याशी गोरबोलीत काहीतरी बोलली आणि मला पाणी दिलं. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. मी सगळं समजावून सांगितलं. दोन रस्ते सांगितले.

वडिलांनी फॉर्म हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "म्हंजे मी खोटं बोललो असं लिहून द्याचं?"

"हो."

"पन मी त खरं बोललो साहेब. तुम्हीच सांगतलं होतं ना, खरी तारीख चढवून घ्या म्हून. आता खरी तारीख खोटी कशी काय झाली?"

मी म्हणालो, "खोटी झाली नाही भाऊ. कागदावर तशी दिसते."

"आन् आमचे नाईक? म्हातारा मानूस तहसीलदारापुढं उभा राह्यला. तोही खोटा पडला मंग."

आईने आतून विचारलं, काय म्हणतात म्हणून. त्यांनी तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, आणि ते तिने माझ्यासाठी मराठीत म्हटलं, "मायच्या पोटाले मालूम रायते न साहेब, कोनत्या दिवशी रिकामं झालं ते. त्यात खोटं कायले बोलीन?"

मला तिथून उठून जावंसं वाटलं. एवढी शरम मला कधीच वाटली नव्हती, माझे वडील गेले तेव्हा रजा मिळावी म्हणून साहेबांसमोर हात जोडले होते तेव्हाही नाही. पण मी बसून राहिलो आणि मुलीकडे पाहून विचारलं, तुझं काय म्हणणं आहे?

"मले धावाचं हाये, सर," ती म्हणाली. "मोठ्या पोरींत त मोठ्या पोरींत. बा ले सांगा, माझ्यापायी खोटा पडू नको. पन मले धावाचं हाये."

दोन्ही एकदम होण्यासारखं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. तिने मान खाली घातली. वडिलांनी डोक्यावरचा दुपट्टा काढून गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "भरा साहेब. तुमचं अक्षर चांगलं हाये, तुम्हीच भरा. मी सही करतो."

पुढचं आधीच सांगून टाकतो. ती मोठ्या मुलींमध्ये धावली आणि सहावी आली. पहिल्या तिघींची निवड व्हायची. पुढच्या वर्षीही गेली, पाचवी आली. दोन्ही वेळा तिच्यापुढे असलेल्या मुली तिच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या होत्या, खऱ्या वयाने. बारावीनंतर तिचं पळणं संपलं. आता ती नेरला एका कापडाच्या दुकानात आहे, मी गेलो की सर म्हणून उठून उभी राहते. त्या तिमाहीच्या तक्त्यात मी शेवटच्या रकान्यात पहिल्यांदाच १ लिहिला. तो पुण्याला गेला, मुंबईला गेला, दिल्लीला गेला आणि पुढेही गेलाच असणार. दोन वर्षांनी त्या संस्थेचा जाडजूड अहवाल आला, तो निवृत्तीनंतर मी मुद्दाम कचेरीत जाऊन पाहिला. स्वतःहून कबुली देणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढत असल्याबद्दल त्यात समाधान व्यक्त केलं होतं. एक जूनबद्दल काही नव्हतं. मॅडमवर माझा राग नाही. त्यांनी लिहून घेतलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं, आणि तेच राहून चालणार नाही.

मी फॉर्म भरत होतो. पिशवी पायाशी होती, टिपणी तिच्यात होती. खेळाडूचं नाव, पालकाचं नाव, खरी तारीख, म्हणजे गुरुजींची, आणि खोटी तारीख, म्हणजे तिच्या आईची. एकेक रकाना मी मोठ्याने वाचायचो, वडील मान हलवायचे, मी लिहायचो. असे करत आम्ही आठव्या रकान्यावर आलो. पोरांची खोटी वयं लावणारे दलाल पकडता यावेत म्हणून तो खास घातलेला होता, शिबिरात मॅडमनी त्यावर वेगळा अर्धा तास घेतला होता. तोही मी इतरांसारखाच मोठ्याने वाचला. 'सदर चुकीची माहिती सादर करण्याचा सल्ला आपणांस कोणी दिला? नाव व हुद्दा नमूद करावा.'

मुलीने मान वर करून आधी माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. आई दारातच होती. वाचता येत नसलं तरी काय विचारलं आहे ते तिला कळलं होतं. मी पेन कागदावर टेकवून बसलो. वाकलो असतो तर पिशवी हाताला लागली असती. एवढंच म्हणायचं होतं की भाऊ, माझं नाव सांगा.

वडिलांनी वाट पाहिली. पुरेशी पाहिली. मला बोलायचं असतं तर बोलून झालं असतं एवढी. मग त्यांनी दुपट्टा उचलून खांद्यावर टाकला आणि मी पाव्हणा म्हणून आलो तेव्हा खाटेवर बसा म्हणाले होते त्याच आवाजात ते म्हणाले,

"लिवा साहेब. कोनीच नाई."

मी त्या रकान्यात माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, निरंक. आणि कागद त्यांच्यापुढे सहीला सरकवला.